रिकाम्या घराची साक्ष

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर व्याख्यान द्यायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच आहे. तरी मी तो करणार आहे. गेम ही कला आहे की नाही, या वादात मात्र मी शिरणार नाही. तो वाद छायाचित्राबद्दल झाला, चित्रपटाबद्दल झाला. वाद घालणारे दमले आणि चित्रपट निघत राहिले. माझ्यापुढचा प्रश्न ज्ञानशास्त्रातला आहे. घरातली माणसं निघून गेली, घर तसंच राहिलं. कपाटं, पत्रं, भिंतीवरचे डाग, माळ्यावरच्या पेट्या. यावरून त्या माणसांबद्दल आपल्याला काय कळू शकतं? आणि जे कळलं असं आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर?

गेल्या दहा-बारा वर्षांत काही गेम असे आले की ज्यांत दुसरं काही नाहीच. मारामारी नाही, गुण मिळत नाहीत, हरणं-जिंकणं नाही. एका घरात शिरायचं, फिरायचं, वस्तू उचलून बघायच्या. यांना कुचेष्टेने ‘वॉकिंग सिम्युलेटर’ म्हणतात, म्हणजे नुसतं चालण्याचं सोंग. आज मी मुख्यतः दोन गेमवर बोलणार आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, ज्यांना ते स्वतः खेळायचे असतील त्यांनी हे व्याख्यान इथेच थांबवावं. मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. ते लपवून टीका करता येत नाही.

पहिला ‘गॉन होम’. 2013 साली आला. फुलब्राइट कंपनी नावाच्या अगदी छोट्या चमूने केला. ही मंडळी अमेरिकेत पोर्टलंड शहरात एक घर भाड्याने घेऊन त्यातच राहत होती आणि त्यातच काम करत होती. कथा 7 जून 1995 च्या रात्रीची. केटी ग्रीनब्रायर नावाची वीस-एकवीस वर्षांची मुलगी युरोपचा प्रवास आटपून ऑरेगनमधल्या घरी परतते. बाहेर वादळ, घरात कोणी नाही. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची चिठ्ठी: मला शोधू नकोस. त्यात हे घर केटीलाही नवं आहे; ती परदेशी असताना कुटुंब इथे राहायला आलं. वडिलांच्या मामाचं हे घर, तो वारला आणि मृत्युपत्रात घर भाच्याच्या नावे करून गेला. म्हणजे मुलगी आपल्याच घरी परक्यासारखी येते. ही युक्ती फार हुशारीची आहे, कारण आपणही परकेच असतो.

संपूर्ण गेममध्ये एकही माणूस दिसत नाही. त्याचं कारण बरंचसं आर्थिक आहे, बरं का. चालती-बोलती माणसं संगणकावर उभी करणं खर्चाचं काम, आणि इथे हात मोजके. पण गरजेतून आलेल्या या मर्यादेने गेमला त्याचा खरा विषय मिळवून दिला. माणूस समोर नाही म्हटल्यावर उरतो पुरावा.

इथे मला कॉलिंगवुडची आठवण येते. आर. जी. कॉलिंगवुड, ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ, आणि त्याच वेळी रोमन काळातल्या ब्रिटनचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञही. त्यांचं ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1946 मध्ये निघालं. इतिहासलेखनाच्या एका प्रकाराला त्यांनी चेष्टेने कात्री-डिंकाचा इतिहास म्हटलं आहे. जुन्या कोणी काय सांगून ठेवलंय ते कापायचं आणि आपल्या वहीत चिकटवायचं. कोणाचं तरी सांगणं आपण मानतो, एवढंच त्यात घडतं. खरा इतिहासकार गुप्तहेरासारखा असतो. तो आधी प्रश्न विचारतो, आणि मग ज्या वस्तूला काहीच सांगायचं नव्हतं तिलाही बोलायला लावतो. आपल्या परंपरेच्या भाषेत सांगायचं तर पहिलं शब्दप्रमाण, दुसरं अनुमान. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं मी म्हणतो. धुराला मला काही कळवायचं नसतं.

आता गंमत बघा. ‘गॉन होम’ या एकाच गेममध्ये दोन कथा आहेत, आणि त्या दोन वेगळ्या प्रमाणांनी सांगितल्या आहेत.

पहिली सॅमची. सॅम शाळेतल्या लॉनी नावाच्या मुलीच्या प्रेमात पडते. आईवडिलांना ते पटत नाही, ते त्याला एक तात्पुरती लहर समजतात. शेवटी दोघी मिळून निघून जातात. हे आपल्याला कसं कळतं? एखादी वस्तू उचलली की सॅमचा आवाज ऐकू येतो. ती आपली रोजनिशी वाचून दाखवते. आवाज गोड आहे, लेखन प्रामाणिक आहे, त्या काळच्या मुलींच्या पंक बँडच्या कॅसेट घरभर पडलेल्या आहेत, त्या लावताही येतात. 2013 साली दोन मुलींची प्रेमकथा एखाद्या गेमच्या केंद्रस्थानी असणं ही मोठी गोष्ट होती, आणि तिचं जे कौतुक झालं ते रास्तच होतं. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिलं तर हे शब्दप्रमाण आहे. सॅमने सांगितलं, आपण ऐकलं. घर इथे निमित्तमात्र. रोजनिशी कपाटात सापडली काय आणि टपालाने आली काय, फरक पडत नाही.

दुसरी कथा वडिलांची. ती कोणीच सांगत नाही.

टेरी, म्हणजे वडील, हे पडेल लेखक. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या: नायक कालप्रवास करून मागे जातो आणि अध्यक्ष केनेडींना वाचवतो. प्रकाशकाने हात आखडता घेतला. आता संगीतयंत्रांची परीक्षणं लिहून पोट भरतात. त्यांचे स्वतःचे वडील साहित्याचे अभ्यासक. त्यांचं एक पत्र मिळतं, त्यात मुलाच्या कादंबरीची कोरडी चिरफाड आहे. इतपत वाचून आपण म्हणतो, ठीक आहे, बापाच्या सावलीतला मुलगा. नेहमीचंच.

मग आपण तळघरात उतरतो. तिथे एका भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, मुलांची उंची मोजून करतात तशा. टेरीच्या लहानपणच्या. म्हणजे हा मुलगा या घरात वारंवार येत होता, मामाचंच घर. त्या खुणा 1963 च्या थँक्सगिव्हिंगपाशी थांबतात. जवळ एक लाकडी घोडा पडलेला आहे. तळघरातच एक तिजोरी आहे, तिच्या कुलुपाचा आकडाही 1963. आत ऑस्करमामाने आपल्या बहिणीला, म्हणजे टेरीच्या आईला लिहिलेलं पत्र. ते परत आलेलं आहे. त्यात तो क्षमा मागतो. कशाची, ते लिहीत नाही.

केनेडींची हत्या 22 नोव्हेंबर 1963 ला झाली. त्या वर्षीचा थँक्सगिव्हिंग 28 नोव्हेंबरला होता. सहा दिवसांचं अंतर. आता त्या कादंबऱ्या पुन्हा आठवा. एक प्रौढ माणूस पुस्तकामागून पुस्तकात 1963 सालात परत जातोय आणि कोणाला तरी वाचवायचा प्रयत्न करतोय.

मामाने त्या मुलाशी काय केलं हे गेममध्ये एका शब्दानेही सांगितलेलं नाही. तरीही तळघरातून वर येताना आपल्याला ते माहीत असतं. मामाने सगळं घर भाच्यालाच का दिलं, बहिणीने त्याच्याशी संबंध का तोडला, टेरी या घरात राहायला आल्यापासून का खचत गेला आहे, याचा एकदम उलगडा होतो. मराठीत ‘मामा’ म्हटल्यावर आजोळ, सुट्टी, लाड असं जे काही आपल्या मनात येतं, त्यामुळे तर हे आपल्याला जास्तच लागतं.

इथे आणखी एक बारकावा आहे आणि माझ्या मते तो या गेमचा कळस आहे. भिंतीवर ज्या खुणा आहेत त्या आपल्याला फार काही सांगत नाहीत. सांगतात त्या नसलेल्या खुणा. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात: वस्तू नाही, हे कळणं हेही ज्ञान आहे. त्याला अट अशी की ती वस्तू असती तर दिसलीच असती. जमिनीवर घडा नाही हे मी म्हणू शकतो, कारण असता तर उजेडात दिसला असता. पिशाच नाही असं त्याच तऱ्हेने म्हणता येत नाही. टेरी तर पुढे वाढतच होता. खुणा व्हायला हव्या होत्या. त्या नाहीत. वर्गात अनुपलब्धी शिकवताना मला घड्याच्या पलीकडचं उदाहरण सुचत नसे. आज शिकवत असतो तर ही भिंत दाखवली असती.

आणि हे सगळं केटीला कळतं का? सॅमला कळलेलं नाही. आई जॅनिसला कळलेलं नाही. ती बिचारी नवऱ्याच्या तुटकपणाला कंटाळून कामावरच्या एका सहकाऱ्याकडे ओढली गेली होती, आणि ज्या रात्री घर रिकामं आहे त्या रात्री नवरा-बायको सहलीच्या नावाखाली समुपदेशनाच्या शिबिराला गेलेले आहेत. बाप आणि लेक दोघंही एकच गोष्ट करतात हेही घरात कोणाच्या लक्षात आलेलं नाही. सॅम लहानपणापासून कॅप्टन अ‍ॅलेग्रा नावाच्या समुद्रावरच्या वीरांगनेच्या गोष्टी लिहिते आणि आपल्या मनातलं जे बोलता येत नाही ते त्यात घालते. वडील केनेडी लिहितात. एका छताखाली दोघं सांकेतिक भाषेत लिहीत बसलेली आहेत, आणि एकमेकांचं कोणी वाचत नाही. त्यातून बाप मुलीला म्हणतो, ही तुझी लहर आहे. या माणसाच्या स्वतःच्या बालपणाकडेही कोणी धड पाहिलं नव्हतं, हे आपल्याला कळतं तेव्हा त्याचा राग धरणं अवघड होऊन बसतं.

मी हा गेम माझ्या नातीच्या मदतीने खेळलो. माऊस तिच्या हातात, मी शेजारी खुर्चीवर. तळघरात ती म्हणाली, “आबा, इथे काही नाहीये, चला ना पुढे.” तिचं चूक नाही. गेमच तिला पुढे ढकलत होता. सॅमचा आवाज वरच्या मजल्यावरून बोलावत होता. खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जण दोन तासांत सॅमची कथा पूर्ण करतात आणि टेरीची कथा होती हेच त्यांच्या गावी नसतं. यावर माझी तक्रार आहे आणि कौतुकही आहे. तक्रार अशी की सॅमच्या रोजनिशीचा हात धरून चालवल्यामुळे पाहण्याची सवय लागायच्या आधीच मोडते. कौतुक असं की टेरीच्या बाबतीत गेमने तो मोह टाळला. ज्या मुलाचं कोणी ऐकलं नाही त्याची कथा आवाजात, पार्श्वसंगीतासह ऐकवली असती तर ती खोटी झाली असती.

थोडं सभ्यतेविषयी. दुसऱ्याचे खण उघडायचे, पत्रं वाचायची, हे बरं का? ‘गॉन होम’ला या प्रश्नाची जाणीव आहे. उचललेली वस्तू जिथल्या तिथे परत ठेवायची सोय गेममध्ये आहे. तिने कथा पुढे सरकत नाही, काही मिळत नाही, तरी आपण ठेवतोच. आणि एके ठिकाणी सॅमने लिहिलेला अगदी खासगी मजकूर हाती येतो. दोन ओळी वाचतो न वाचतो तोच केटी तो कागद खाली ठेवते. पुन्हा उचलू म्हटलं तर उचलत नाही. मोठ्या बहिणीने जे करावं तेच. मला तरी गेममधलं हे सर्वांत सुसंस्कृत वळण वाटलं.

दुसरा गेम ‘व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच’. जायंट स्पॅरो या स्टुडिओचा, 2017 चा. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावर फिंच कुटुंबाचं घर. या घराण्यात कोणी धड म्हातारपणापर्यंत पोचत नाही. पणजी ईडी, तीच एक जगली, तिने प्रत्येक मृताची खोली जशीच्या तशी ठेवली. चित्रं रंगवून लावली. देवळात ठेवावं तसं सगळं मांडून ठेवलं. खोल्या अडकून पडल्या म्हणून जिवंतांसाठी घरावर घर चढवत गेले. नात डॉन हिला हे सहन होईना. मुलांचं मन यात गुंतू नये म्हणून तिने सगळी दारं पक्की बंद केली. मग ईडीने काय करावं? दारांना भोकं पाडली, डोळा लावून बघता येईल अशी.

आजी-नातीचं भांडण म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मेलेल्यांचं काय करायचं, यावर दोन प्रामाणिक मतं समोरासमोर आली आहेत. आठवण जपली तर पुढची पिढी त्या गोष्टींनीच मरते, असं डॉनचं म्हणणं. बंद केली तर ती दाराच्या भोकातून आणखीच भुरळ घालते, हे ईडीने करून दाखवलं. गेम निवाडा देत नाही. आता सतरा वर्षांची झालेली ईडिथ, डॉनची मुलगी, किल्ली घेऊन त्या घरात परत येते आणि एकेका खोलीत शिरते.

प्रत्येक खोलीत एक मजकूर मिळतो आणि तो वाचता वाचता आपण त्या माणसाच्या जागी जातो. पण मजकूर कसले? एका मुलीचा मृत्यू थिल्लर भयकथेच्या चित्रमालिकेतून कळतो. दहा वर्षांची मॉली मरण्याआधी आपण मांजर झालो, घुबड झालो असं लिहून ठेवते. म्हणजे सगळं शब्दप्रमाण, आणि सांगणारा एकही आप्त नाही, विश्वासार्ह या अर्थाने. घर खचाखच भरलेलं, आणि खात्रीलायक पुरावा शून्य. ‘गॉन होम’च्या नेमकं उलट.

यातला एक प्रसंग मात्र कॉलिंगवुडलाच अडचणीत आणतो. त्यांचा सिद्धान्त असा की भूतकाळातला विचार आपण आपल्या मनात पुन्हा घडवू शकतो, पण संवेदना, नुसता अनुभव, हा पुन्हा घडवता येत नाही. तो गेला तो गेला. आता लुईस फिंचकडे या. हा मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. आपल्या एका हाताकडे काम: मासा ओढायचा, पात्याखाली न्यायचा, डोकं उडवायचं, पट्ट्यावर टाकायचा. पुन्हा मासा. तेवढ्यात त्याच्या मनात एक काल्पनिक राज्य सुरू होतं, पडद्याच्या कोपऱ्यात छोटंसं, आणि दुसऱ्या हाताने आपण त्यात चालायला लागतो. ते राज्य वाढत जातं, कारखाना झाकत जातं. काही मिनिटांनी आपल्या ध्यानात येतं की मासे कापले जाताहेत, हात थांबलेला नाही, पण आपलं तिकडे लक्षच नाही. लुईसच्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याच्या आईला लिहिलेल्या पत्रातून हे ऐकू येत असतं. शेवटी राज्याभिषेकासाठी तो मान झुकवतो, आणि कारखान्यातही. यंत्रावर काम करणाऱ्याचं मन कामापासून कसं सुटतं यावर मी बरंच वाचलं होतं. हातात भिनलं ते इथे. कॉलिंगवुडने केलेली विचार आणि संवेदना यांची वाटणी हाताच्या सवयीपाशी टिकत नाही, असं मला आता वाटतं.

ग्रेगरीचा भाग मला मुळीच आवडला नाही. न्हाणीच्या टबात तान्हं मूल, चायकोव्हस्कीच्या संगीतावर नाचणारी खेळणी, आणि नळ सोडायला लावायचा खेळणाऱ्याकडूनच. लुईसच्या वेळी आपल्या हातांना समज आली होती. इथे ते निव्वळ वापरले गेले.

दोन्ही गेममागे एक गृहीत आहे, तेही बोलून टाकतो. माणशी एक खोली. फिंचांचं घर तर त्यावरच उभं आहे. गिरगाव-लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत तीन पिढ्या राहिल्या, त्यांचं काय? तिथे खोली जपून ठेवणं शक्यच नाही. आजीची ट्रंक नातवाच्या पुस्तकांना लागते, आजोबांच्या धोतराची दुपटी होतात, गेलेल्याचा खिळ्यावर फोटो लागतो आणि त्याच्याखाली संध्याकाळी पुन्हा गाद्या पडतात. वस्तू वापरात राहते म्हणून पुरावा पुसला जातो. गरीब घरांचा इतिहास लिहिताना येते तीच ही अडचण. ‘अनपॅकिंग’ या 2021 च्या ऑस्ट्रेलियन गेमने यावर एक वाट काढली: घर बदलत जातं, 1997 ते 2018, आणि दर वेळी आपण एका मुलीचं सामान खोक्यांतून काढून लावायचं. 2010 मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते तेव्हा तिच्या पदवीच्या प्रमाणपत्राला भिंतीवर जागाच उरत नाही. ते पलंगाखाली सरकवावं लागतं. त्या संबंधाविषयी आणखी काही सांगायची गरज राहत नाही.

आणि 2023 चा ‘वेण्बा’. टोरंटोमधल्या विसाई गेम्सचा. कॅनडात येऊन राहिलेलं तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा कविन. इथे मागे सोडलेलं घर म्हणजे आईची पाककृतींची वही, फाटलेली, डाग पडलेली. इडलीच्या भांड्यात आधी काय, पुट्टूच्या नळीत पीठ आधी की खोबरं, हे पुसट अक्षरांवरून आणि पदार्थाच्या स्वभावावरून खेळणाऱ्याने ओळखायचं. चुकलं की पदार्थ फसतो, पुन्हा करायचा. पुढे मोठा झालेला कविन अर्ध्यामुर्ध्या तमिळवर तीच वही उलगडत बसतो. अनुमानाचा इतका रोजच्या कामातला वापर मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिला नाही. उणीव आहे ती एवढीच की गेम फार लवकर आटपतो, आणि वडील, पावलन, जवळजवळ काहीच मागे न ठेवता त्यातून जातात. वही आईच्या आईची. त्यांच्या हातचं असं त्या स्वयंपाकघरात काय होतं, हे शोधायला गेमने एकही खण ठेवलेला नाही.